ऐकण्याची मजुरी

मंडळी, चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. व्याकरणात अनुकरणवाचक शब्दांचा एक छोटासा भाग असे. खळखळ, सळसळ, गडगडाट... परीक्षेला त्यावर एखाद-दुसऱ्या गुणापलीकडे काही येत नसे, त्यामुळे मुलं ते शब्द पाठ करून टाकत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून जात. आता सत्तरी ओलांडल्यावर माझं ठाम मत झालं आहे की हा भाग मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा. आणि गाडी चालवणाऱ्यांना तर लायसन्स देण्याआधीच!

हसू नका. कारण सांगते.

"गाडीचा मागनं आवाज येतोय." हे वाक्य घेऊन लोक गॅरेजमध्ये जातात. कसा आवाज? "आवाज येतोय हो." कधी येतो? "चालवताना." यापलीकडे मालकाला काही सांगता येत नाही. समोरच्याला विचारायला वेळ नसतो. मग काय होतं? काहीतरी उघडलं जातं, काहीतरी बदललं जातं, बिल होतं. आवाज गेला तर नशीब. नाही गेला तर आणखी काहीतरी उघडलं जातं.

माझ्या पुतण्याने २०२४ च्या फेब्रुवारीत एक जुनी पिकअप घेतली. गाडी २०१३ सालची, दुसऱ्या हातातून तिसऱ्या हातात आलेली. घरातल्या वाचकांना हे सगळं माहीतच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे टोमॅटोची शेती, नारायणगावचा बाजार जवळ. दर वर्षी भाड्याच्या गाडीला जे पैसे जातात, त्यात स्वतःच्या गाडीचा हप्ता भागेल असा त्याचा हिशोब होता. हिशोब बरोबरच होता. पतसंस्थेचं कर्ज, महिन्याला ११ हजारांचा हप्ता. गाडी घेताना चौघांनी पाहिली. रंग पाहिला, टायर पाहिले, कागद पाहिले, इंजिन चालू करून धूर पाहिला. घरात साधं मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो, कलिंगड कानाशी धरून थापटतो. लाखांची गाडी मात्र कुणी पन्नासच्या वेगाने पळवून कान देऊन ऐकली नाही. बाजारात उभ्या असलेल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल काही बोलत नाही!

रोआल्ड डाल यांची 'माटिल्डा' ही १९८८ सालची मुलांची कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. त्यातल्या मुलीचे वडील जुन्या मोटारींचा धंदा करतात आणि गिअरबॉक्सच्या तेलात लाकडाचा भुसा मिसळून त्याची खरखर दाबतात. थोडे दिवस सगळं शांत, तेवढ्यात गाडी विकून मोकळे. गोष्ट काल्पनिक, पण युक्ती लेखकाने हवेतून आणलेली नाही. आवाज दाबण्यासाठी जाड तेल किंवा भलतंसलतं काही भरणं हा जुन्या गाड्यांच्या व्यवहारातला जुना आजार आहे.

तर एप्रिलमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, या पिकअपला मागून आवाज सुरू झाला. पुतण्या एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथल्या मुलाने गाडी आवारातच पुढे-मागे केली, खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "डिफरन्शियल गेलंय. क्राउन-पिनियनचा सेट टाकावा लागेल. २४ हजार धरून चाला." सगळं मिळून पाच मिनिटं.

२४ हजार म्हणजे दोन हप्त्यांहून जास्त. पुतण्या घरी आला तो तोंड पाडूनच. त्याने मला विचारलं, "आत्या, थोडे तू देशील का? हंगाम झाला की देतो." पैशाचं मला काही नव्हतं. पण मी त्याला विचारलं, "आवाज कसा येतो ते सांग बघू." तो म्हणाला, "येतो म्हणजे... येतो गं." घ्या! माझा विद्यार्थी, माझ्याच घरातला.

मग मी त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही आळेफाट्याच्या बाजूला एक चक्कर मारून आलो. मोटारीतलं माझं शिक्षण शून्य. मी बी. ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. पण पेटी वाजवते, त्यामुळे कान बरा आहे. परत येऊन आम्ही दोघांनी वहीत लिहिलं : ताशी ४० च्या पुढे सुरू होतो. 'घुर्रर्र' असा, दळताना जातं घरघरतं तसा. त्याच्याबरोबर आणखी एक 'भुणभुण' आहे, ती वेगळी. वेग वाढला की दोन्ही वाढतात. पायडल सोडलं तरी घरघर तशीच राहते. ही वही घेऊन आम्ही आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. चाळीसेक वर्षं याच कामात आहेत. त्यांची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला अजून बाईच म्हणतात.

वही वाचून मिस्त्री म्हणाले, "बाई, निम्मं काम तर तुम्हीच केलंय." आणि गाडी उघडण्याऐवजी ते तिच्यात जाऊन बसले.

पुढचं सांगण्याआधी, गाडीच्या मागे असतं काय ते सांगते. मला मिस्त्रींनी चहाच्या कपाखाली कागद ठेवून समजावलं, तसंच. मागच्या दोन चाकांना जोडणारी एक जाड आडवी नळी असते, तिच्या मध्यावर भोपळ्यासारखा फुगवटा. इंजिनाकडून येणारा लांब फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्या भोपळ्यात शिरतो. त्याच्या टोकाला लहान दातेरी चक्र, ते पिनियन. ते एका मोठ्या ताटाएवढ्या दातेरी चक्राला फिरवतं, ते क्राउन. क्राउनच्या पोटात आणखी लहान चक्रं असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. तो फरक ही चक्रं सांभाळतात, म्हणून ते डिफरन्शियल. बैलगाडीला हा प्रश्नच नव्हता, तिची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात. पण दोन्ही चाकांना एकाच इंजिनाने ओढायचं म्हटल्यावर पंचाईत आली. १८२७ साली ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी ही रचना केली. घड्याळजीने! म्हणजे बारीक दात्यांची टिकटिक ऐकायची सवय असलेल्या माणसाने.

भोपळ्यातून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट नळीतून चाकापर्यंत जातो आणि नळीच्या टोकाला बेअरिंग असतं. म्हणजे 'मागून' येणारा आवाज किती ठिकाणांहून येऊ शकतो बघा : टायर, चाकाची बेअरिंगं, पिनियनची बेअरिंगं, क्राउन-पिनियनचे दात, पोटातली लहान चक्रं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, त्याच्या मधलं बेअरिंग, ब्रेकचे ड्रम, पाट्यांचे सैल झालेले बोल्ट. यातला एकच भाग, तोही सगळ्यात महागडा, पाच मिनिटांत दोषी ठरला होता.

मिस्त्रींनी पुतण्याला गाडी चालवायला सांगितली. स्वतः मधे बसले, मी खिडकीशी. आधी गावातल्या सिमेंटच्या रस्त्याने, मग डांबरी रस्त्याने. भुणभुण लगेच बदलली, सिमेंटवर एक, डांबरावर दुसरी. घरघर मात्र जशीच्या तशी. "रस्ता बदलल्यावर जो बदलतो तो टायर. भोपळ्याला खाली सिमेंट आहे का डांबर, काय माहीत?" मिस्त्री म्हणाले. इतकं सोपं आहे, पण कुणी तरी दोन रस्त्यांवरून गाडी न्यायला हवी ना.

मग हमरस्त्याला लागल्यावर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, पन्नासच्या वेगाला त्यांनी न्यूट्रल करायला लावलं. इंजिन बंद नाही करायचं हं, बंद केलं तर ब्रेकला मिळणारा जोर जातो, स्टिअरिंग जड होतं. इंजिनाचा आवाज खाली आला, घरघर राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. पुढे पुन्हा गिअर टाकून पायडल दाबायचं, धरून ठेवायचं, सोडायचं. पायडल दाबलं की पिनियनचे दात क्राउनच्या दातांना एका अंगाने ढकलतात. सोडलं की चाकंच उलट इंजिनाला ओढतात, आणि दाब दातांच्या दुसऱ्या अंगावर जातो. दात झिजलेले असतील तर या दोन्ही वेळी आवाज वेगळा निघतो. कधी दाबल्यावरच येतो, कधी सोडल्यावरच. आमची घरघर दोन्ही वेळी सारखीच होती.

इथे मला माझं थोडं ज्ञान पाजळू द्या. क्राउन-पिनियनच्या दातांचा आवाज हा सूर असतो, 'कूंऽऽ' असा, आणि वेगाबरोबर तो पट्टी चढत जातो. कुठली पट्टी ते हिशोबाने काढता येतं! टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली तर साधारण २.२ मीटर भरतं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ४५५ फेरे, सेकंदाला साडेसात. क्राउनला ४१ दात असतील, तर सेकंदाला जवळजवळ ३११ दात एकमेकांवर येतात. सेकंदाला ३११ कंपनं म्हणजे पेटीवरची मध्य सप्तकातली काळी दोन. अगदी नेमकी! मी हे मिस्त्रींना सांगितल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. पण आमच्या गाडीच्या घरघरीला पेटीवर पट्टी सापडण्यासारखी नव्हतीच. तिच्यात सूर नव्हता, नुसता खडबडीतपणा होता. मिस्त्री हेच त्यांच्या भाषेत म्हणाले, "दात रडतात बाई, बेअरिंग गुरगुरतं." याहून चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

बेअरिंग ठरलं, पण कुठलं? पिनियनचं की चाकाचं? पिनियन चाकाच्या चौपटीने फिरतं, त्यामुळे त्याच्या बेअरिंगची कुरकुर बारीक आणि घाईची असते. चाकाच्या बेअरिंगची संथ, जड. शिवाय चाकाच्या बेअरिंगवर वजन असतं. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या आसपास मिस्त्रींनी पुतण्याला हलक्या हाताने नागमोडी गाडी घ्यायला सांगितलं. उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. उजवीकडे घेतलं, घरघर वाढली. डावीकडे घेतलं, दबली. दोनदा, तीनदा. "डावं," मिस्त्री म्हणाले. पण लगेच पुढे, "असं वाटतंय." कारण नळी सगळा लोखंडाचा एकच तुकडा, डावीकडचा आवाज तिच्यातून उजवीकडे पोचतो आणि कान फसतो. म्हणून ते नुसत्या कानावर थांबले नाहीत.

गॅरेजात आल्यावर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले. पुन्हा चक्कर. भुणभुण आता पुढून यायला लागली, घरघर मागेच राहिली. दोन आवाज एकमेकांत गुंतलेले होते, ते सुटे झाले. टायरवर तळहात फिरवून मिस्त्रींनी मला दाखवलं, एका दिशेने हात मऊ जातो, उलट दिशेने करवतीचे दाते लागल्यासारखं लागतं. तीच ती भुणभुण.

मग मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली, पुढच्या चाकांना ओट लावली. इंजिन बंद. (चालू इंजिनावर फिरत्या चाकांपाशी लोक खाली शिरतात ते पाहून माझा जीव वरखाली होतो. तुमच्यापैकी कुणी करत असेल तर करू नका.) एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात पाट्यावर ठेवायचा. उजवीकडे काही नाही. डावीकडे हाताला बारीक थरथर, गुरगुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. पुतण्याने हात ठेवून पाहिला, मीही पाहिला. त्यानंतर कुणाला काही सांगायला नको होतं.

अजून भोपळा उघडलेला नव्हता. त्याला असलेलं तेलाचं बूच मात्र काढलं. तेल भोकाच्या काठाला टेकलेलं असायला हवं, इथे बोट वाकवून घातलं तरी लागेना. खालच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्यावर काळपट मऊ चिखलासारखं थोडं होतं. तेवढं चालतं, ती वर्षानुवर्षांची झीज. कण, चकत्या, दाताचे तुकडे निघाले तर घात. काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर ओतून उन्हात धरलं, चमकणारं काही नाही. दुधाळ नाही, म्हणजे पाणीही शिरलेलं नाही. मग तेल गेलं कुठे? नळीवर एक बारीक श्वासनळी असते, ब्रीदर म्हणतात. चालून तापल्यावर आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट. ती वाट चिखलाने आणि त्यावर कुणीतरी मारलेल्या रंगाने बुजली होती. विकण्याआधी गाडी 'छान' दिसावी म्हणून मारलेला तो रंग! मग हवा दुसरी वाट शोधणारच. डाव्या बाजूचं ऑइल सील ढकलून तेल बाहेर आलं, ड्रममध्ये गेलं, ब्रेकचं लायनर तेलकट झालं.

डावा शाफ्ट ओढून काढला. बेअरिंगच्या कडीवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. नवं बेअरिंग, त्याची कडी, सील, लायनर, प्रेसवर दाबून बसवण्याची मजुरी, ९० नंबरचं नवं तेल, सगळं मिळून ४,६०० रुपये.

पैशाची गोष्ट सोडा. या गाडीच्या बांधणीत चाक आणि आतला शाफ्ट यांना जागेवर धरून ठेवणारं ते एकच बेअरिंग आणि त्यामागची ती कडी असते. ते पुरतं गेलं की शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकतं. आमचा पुतण्या आठवड्यातून दोनदा माळशेज घाट उतरून कल्याणला माल नेतो. आणि माल किती? १,४०० किलोच्या गाडीत कधी कधी ९० कॅरेट, म्हणजे १,८०० किलो नुसते टोमॅटो! (यावर मी त्याला जे बोलायचं ते बोलले आहे. इथे नको.)

पहिल्या गॅरेजच्या सल्ल्याने गेलो असतो तर काय झालं असतं? क्राउन-पिनियन बदलायचं तर दोन्ही शाफ्ट बाहेर काढावेच लागतात. तेव्हा कुणाचं लक्ष त्या बेअरिंगकडे गेलं असतं, किंवा नसतं गेलं. नसतं, तर तेच बेअरिंग त्याच शाफ्टसकट परत आत गेलं असतं, आणि २४ हजार घालून घरघर तशीच. वर आणखी एक. क्राउन-पिनियन ही जोडी असते, एकाच जोडीचे दोन भाग. ती बसवताना दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात ठेवावी लागते आणि दातांना रंग लावून, एकावर एक फिरवून, ठसा नेमका कुठे उमटतो ते बघावं लागतं. पाच मिनिटांत निदान करणारा माणूस त्या ठशापाशी तासभर बसेल का? नाही बसला, तर आधी नसलेली 'कूंऽऽ' नव्याने विकत घ्यायची!

आता माझं मुख्य म्हणणं. त्या चकचकीत गॅरेजमधल्या मुलाला मी लबाड म्हणणार नाही. पुतण्या म्हणतो, मी नाही. त्या मुलाने आमच्याबरोबर दोन तास गाडीत बसून, टायर बदलून, तेल कागदावर ओतून शेवटी "डावं बेअरिंग" म्हटलं असतं, तर त्याला त्या दोन तासांचे काय मिळाले असते? शून्य. आपण पार्टचे पैसे देतो, पार्ट बसवण्याचे देतो. ऐकण्याचे देत नाही. "नुसतं बघितलं की, त्याचे कसले पैसे?" हे आपलं ठरलेलं वाक्य. जिथे बघण्याला किंमत नाही तिथे बघितलं जात नाही, आणि जिथे बदलण्यालाच पैसे आहेत तिथे बदललं जातं. यात त्या मुलापेक्षा आपणच जास्त जबाबदार आहोत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गंमत म्हणजे आमच्या मिस्त्रींनीही ते दोन तास बिलात धरले नव्हते! मी ५०० रुपये वेगळे दिले तर घेईनात. "बाई, चक्कर मारल्याचे पैसे घेऊ होय?" मी म्हटलं, "मिस्त्री, चक्कर तर पुतण्या रोज मारतो. त्याला कळलं का?" शेवटी घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांना ते भिक्षेसारखे वाटले. म्हणजे चाळीस वर्षांत कमावलेली सगळ्यात मोठी विद्या फुकट, आणि नट पिळण्याची मजुरी मात्र हक्काची. हे उलटं आहे.

डॉक्टरला आपण तपासणी फी देतोच ना? औषध नाही लिहिलं तरी देतो. लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ साली रोग्याच्या छातीवर बोटाने ठोकून निदान करायची रीत लिहून काढली. त्याचे वडील खानावळ चालवत, तिथे दारूची पिंपं ठोकून आत किती उरली ते ओळखत. म्हणजे डॉक्टर ही विद्या मुळात पिंपवाल्याकडूनच शिकले. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आमचे मिस्त्री लांब पेचकसाचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात, तीच ती सुरळी. एकाची फी आपण दारातच भरतो आणि दुसऱ्याला चहा पाजून वाटेला लावतो.

माझे एक ब्लॉगमित्र (स्वतः इंजिनिअर) म्हणतील, कान हे काही शास्त्र नव्हे. कबूल. म्हणून तर मिस्त्रींनी कानावर न थांबता हात ठेवला, टायर बदलले, तेल पाहिलं. आता तर फोनवर आवाजाची कंपनं मोजणारी ॲपं आहेत, लोखंडाला चिकटवून चार ठिकाणचा आवाज आलटून पालटून ऐकवणारी यंत्रंही मिळतात. ती खुशाल वापरावीत. पण यंत्र लावायलाही कुणीतरी तास काढायला हवा, आणि त्या तासाचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत. प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

दुसरा आक्षेप असा की ऐकून "काही झालेलं नाही" असं निघालं तर पैसे पाण्यातच की. मला वाटतं, त्याचेच तर सगळ्यात आधी द्यावेत. कारण ते वाक्य बोलून समोरचा माणूस स्वतःच्या खिशाला चाट लावून घेत असतो.

शाळेत हेच पाहिलंय मी. मुलाचं गणित चुकलं की "ढ आहे" म्हणून मोकळं व्हायचं, हे सबंध डिफरन्शियल बदलण्यासारखंच. शेजारी बसून त्याच्याकडून मोठ्याने तेच गणित करून घेतलं, तर कळतं की बाकी सगळं येतंय, हातचा घ्यायला विसरतोय. पण शेजारी बसायला वेळ लागतो, आणि त्या वेळाची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

पिकअप आता ठीक आहे. मधे दोन पावसाळे गेले. पुतण्या ब्रीदर दर महिन्याला साफ करतो, तेल बघतो, आणि वही ठेवतो! नवीन नोंद अशी आहे : 'गाडी उभी असताना रिव्हर्स टाकला की एकदाच टक्. धावताना काही नाही.' मिस्त्रींनी वाचूनच सांगितलं की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला झालाय किंवा पाट्याचे बोल्ट, मंगळवारी आण, हात लावून बघतो.

मी त्यांना सुचवलं, गॅरेजवर पाटी लावा : 'आवाज ऐकणे व तपासणे – ३०० रुपये. काम इथेच केल्यास बिलात वळते.' पाटीचं अक्षर मी काढून देते. मिस्त्री हसले. म्हणाले, "बाई, पाटी लावली की गिऱ्हाईक समोरच्या गॅरेजात जाणार." मी म्हटलं, "जाऊ दे. चार दिवसांनी आवाजासकट परत येईल." पाटी मी लिहून ठेवली आहे, देवनागरीत, काळ्या रंगात. अजून त्यांनी नेलेली नाही.